पाटीवरचा नंबर

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. छापखान्यात मी मुद्रितं तपासते. औषधांची माहितीपत्रकं, शाळेची पुस्तकं, संस्थांचे अहवाल, जे समोर येईल ते लाल पेन घेऊन वाचायचं आणि वेलांटीवरून लोकांशी वाद घालायचा. इंजिन कारखान्याच्या पन्नासाव्या वर्षाचं पुस्तक आमच्याकडे आलं तेव्हा मालकांनी कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आदळला आणि सांगितलं की तपासायचं तर आहेच, पण त्याआधी लिहायचंही आहे. मी म्हटलं, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले की तुझी आत्या आहे ना तिथे.

आत्या तिथे आहे, हे खरंच. छत्तीस वर्षं आहे. बुटकी, रुंद, आधी हसणारी आणि मग विनोद सांगणारी बाई. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती आणि आतोबा राहतात. आतोबा घड्याळं दुरुस्त करतात आणि फार कमी बोलतात, कारण त्यांच्या वाटणीचंही आत्या बोलते. कारखान्यात तिचं काम एकच. तयार झालेल्या प्रत्येक इंजिनावर त्याचा नंबर ठोकायचा. सहा वर्षांपूर्वी नंबर टाकणारं यंत्र आलं, तोवर तीस वर्षं प्रत्येक इंजिन तिच्या हाताखालून गेलं. आता ती यंत्राशेजारी उभी राहून त्याच्यावर नजर ठेवते, आणि तिच्या मते यंत्राचं अक्षर अगदीच सामान्य आहे.

पुस्तकाची सुरुवात मला फुकटात मिळाली. पन्नास वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये बारा माणसांनी पहिलं इंजिन जोडलं. तीन दिवस ते चालू होईना. चौथ्या दिवशी भर दुपारी चालू झालं ते थांबेना, कारण बंद करायची तार बसवायची राहिली होती आणि ती बसवणारा माणूस जेवायला गेला होता. मग उरलेले अकराजण डिझेल संपेपर्यंत इंजिनाभोवती नाचले. ही गोष्ट कारखान्यातला प्रत्येकजण आपण तिथे हजर असल्यासारखी सांगतो. नाचणाऱ्यांची मी एकदा बेरीज केली तर ती साठाच्या वर गेली.

त्या बारांपैकी खरोखर हजर असलेला एकजण म्हणजे मायक्रॉनकाका. त्यांचं खरं नाव कारखान्यात कोणी घेत नसे. केसाच्या जाडीच्या कितव्यातरी हिश्शावरून ते माणसाला तासभर उभं करत, म्हणून हे नाव पडलं. ते फोरमन असताना नंबर ठोकणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची नजर अधू झाली. त्याचे इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसू लागले. आत्या तेव्हा कॅन्टीनमध्ये होती. जेवणाच्या कुपनांवर ती हाताने नंबर घालायची. एके दिवशी मायक्रॉनकाकांनी जेवण बाजूला सारलं आणि ते कुपनच चष्म्याजवळ धरून बघत बसले. सगळे आकडे एका उंचीचे, एका अंतरावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला मोठ्या शेडमध्ये आणून उभं केलं.

त्या शेडमध्ये तोवर बाई माणूस नव्हतं. गहजब झाला. ही हातोडी मारणार, नंबर चुकणार, आणि मग ते इंजिन कोणाच्या गळ्यात मारायचं, असं लोक तिच्या तोंडावर विचारू लागले. मायक्रॉनकाकांनी एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. ते म्हणाले, "तिची पहिली चूक माझ्या नावावर लिहा." हे वाक्य आत्याने मला लहानपणापासून इतक्यांदा ऐकवलंय की मला ते पाढ्यांसारखं पाठ आहे.

काम बघायला सोपं, करायला कठीण. इंजिनाच्या कुशीत घासून सपाट केलेली बोटभर जागा असते. तिथे टोकावर आकडा कोरलेला पोलादी पंच उभा धरायचा आणि वर हातोडीचा एकच घाव घालायचा. दुसरा घाव घातला की आकड्याला सावली पडते आणि तो आकडा जन्मभर थरथरल्यासारखा दिसतो. पंचांच्या पेटीत आकड्यांचे नऊच पंच, कारण सहाचा पंच उलटा धरला की नऊ. नंबराच्या दोन्ही टोकांना एकेक चांदणी, म्हणजे मागाहून कोणाला पुढेमागे आकडा घुसवता येत नाही. नंबर मारून झाला की त्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून पेन्सिल घासायची. कागदावर ठसा उमटतो. दिवसभराचे ठसे संध्याकाळी रजिस्टरात ओळीने चिकटवायचे. आणि पुढचा नंबर कोणता हे लक्षात राहावं म्हणून समोर एक छोटी पाटी टांगलेली असायची.

या पाटीवरून कारखान्यात एक नियम होता, त्याला सगळे बाईंचा नियम म्हणत. नंबर मारला की हातोडी खाली ठेवायच्या आत डाव्या हाताने पाटी पुसायची आणि पुढचा नंबर लिहायचा. कोणी हाक मारो, आग लागो, आधी पाटी. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई. हा नियम आत्याने का केला, हे कोणी विचारलं नाही.

आम्ही घरचेही काही गोष्टी विचारत नव्हतो. रस्त्यात कुठे एखादी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली की आत्या तिकडे वळायची. ड्रायव्हर घामाघूम होऊन खाली वाकलेला असायचा आणि ही त्याच्या खांद्यावरून आत डोकावायची. मी तिच्या हाताला धरलेली, शरमेने अर्धी झालेली. बाबा म्हणायचे, हिला इंजिनाचं वेड आहे, लहान मुलं दिसली की काही बायका थांबतात तशी ही थांबते. दुसरी गोष्ट रजेची. आत्या ताप अंगावर काढून कामाला जायची, पण माझ्या वाढदिवसाला न चुकता रजा घ्यायची. सकाळी खाली यायची ती रात्री वर जायची. शाळेत मी सगळ्यांना सांगायची की माझ्यासाठी माझी आत्या कारखाना बंद ठेवते. कारखाना चालूच असायचा, बदली माणूस नंबर मारायचा, पण ते मी सांगत नसे.

पुस्तकात आत्याचं एक पान असणार हे ठरलेलंच होतं. ती त्याच महिन्यात निवृत्त होणार होती. कारखान्याच्या मॅनेजरांनी त्या पानाचं शीर्षक स्वतःच सुचवून पाठवलं, "छत्तीस वर्षं, एकही चूक नाही". तेच शब्द समारंभाच्या व्यासपीठावर मोठ्या कापडावर रंगवायचे होते आणि त्याखाली आत्याचा सत्कार व्हायचा होता. समारंभाला नऊ दिवस उरले होते. मी छापलेलं पान घेऊन जिने चढले. मला वाटलं, आत्याचे पाय आता जमिनीवर ठरायचे नाहीत.

आत्याने पान वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग माझ्या खिशातलं लाल पेन उपसून शीर्षकावर रेघ ओढली.

"हे काढ," ती म्हणाली.

"का? खोटं आहे का?"

"हो."

मला आधी वाटलं नम्रपणा चाललाय, आणि नम्रपणा आत्याला अजिबात शोभत नाही. पण ती उठून कपाटापाशी गेली आणि आतोबांना म्हणाली, जरा हे उचलून धरा. आतोबांनी कपाट एका बाजूने उचललं. आत्याने त्याच्या आखूड पायाखालची लोखंडी पट्टी काढली, पालथी होती ती उलटी केली आणि माझ्या हातात दिली. पट्टीवर दोन चांदण्यांच्या मध्ये नंबर होता, ४१७०७.

"बारा वर्षं म्हणतोय कपाट डुगडुगतंय, ही पट्टी बदलू," आतोबा म्हणाले. "बदलू देत नव्हती." ते आठवड्याभराचं बोलून झाल्यासारखे परत घड्याळाकडे वळले, पण कान इकडेच होते.

मग आत्याने सांगितलं. तेहतीस वर्षांपूर्वी सकाळी तिने एका इंजिनावर ४१७०६ मारला. हातोडी खाली ठेवली, ठसा घेतला आणि पाटी पुसायला हात उचलणार तोच ऑफिसचा शिपाई धावत आला. फोन आला होता. दादाला मुलगी झाली. आत्या पाटी तशीच सोडून फोनकडे पळाली, बाबांचं बोलणं निम्मं ऐकलं, कॅन्टीनमधून मूठभर लिमलेटच्या गोळ्या आणल्या, अख्ख्या शेडमध्ये वाटल्या आणि गात गात जागेवर आली. तोवर रुळांवरून पुढचं इंजिन समोर येऊन उभं होतं. तिने पाटीकडे पाहिलं, वाचलं, मारलं. चार एक सात शून्य सहा. मग आपण ४१७०७ मारला अशा समजुतीत पाटीवर पुढचा ४१७०८ लिहिला.

संध्याकाळी ठसे चिकटवताना दोन सारखे ठसे हाताला लागले. इंजिन तोवर चाचणीला गेलेलं होतं. उठून सांगायला हवं होतं. पण शेडमधली ती एकटी बाई, येऊन तीन वर्षं झालेली, आणि पहिली चूक मायक्रॉनकाकांच्या नावावर लिहायची होती. तिने भंगारातून एक पट्टी उचलली, तिच्यावर ४१७०७ मारला, त्याचा ठसा घेऊन रजिस्टरात चिकटवला आणि पट्टी डब्यात घालून घरी आणली. दुसऱ्या दिवसापासून पाटीचा नियम सुरू झाला.

"म्हणजे तू गाड्यांत डोकावायचीस ते नंबर बघायला," मी म्हटलं.

ती मान हलवून हो म्हणाली. एका नंबराची दोन इंजिनं कुठेतरी फिरत होती. त्यापायी कोण्या बिचाऱ्याला चोर समजून पोलीसचौकीत बसवलं असेल, हा विचार तेहतीस वर्षं तिच्या डोक्यातून गेला नव्हता. मला मात्र भलतीच गोष्ट टोचत होती. मी विचारलं, "आणि माझ्या वाढदिवसाची रजा?"

"लाड होताच गं. पण भीतीही होती. त्या तारखेला माझ्या हाताचा मला भरवसा नव्हता."

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. तेहतीस वर्षांची घोडी मी, पण शाळेत मारलेल्या फुशारक्या आठवल्या आणि डोळे भरून आले. आत्याने माझ्या पाठीत एक रट्टा घातला आणि म्हणाली की रडायचं काम माझं आहे, तू का रडतेस.

मी तिला सांगून पाहिलं की सोडून दे. इतक्या वर्षांत काही झालं नाही, आता कशाला उकरून काढतेस. आता त्या शेडमध्ये साठ बायका आहेत, त्यांना रस्ता तुझ्यामुळे झाला. त्यावर तिने मला विचारलं की मग तू लाल पेन घेऊन दिवसभर कशासाठी बसतेस. त्या कापडाखाली ती उभी राहणार नव्हती. पण त्याआधी तिला ती दोन इंजिनं हवी होती. कोणाचं नुकसान झालं असेल तर ते कळल्याशिवाय ती मॅनेजरांकडेही जाणार नव्हती. हातात दिवस नऊ.

इतिहास लिहिणाऱ्या बाई म्हणून मला कारखान्याच्या जुन्या दप्तरात शिरायची मोकळीक होती. धुळीने शिंकत शिंकत मी जावक रजिस्टर शोधलं. ४१७०६ दुधाच्या एका गाडीत बसलं होतं. तिचे कागद मिळवायला दोन दिवस गेले. ती गाडी बावीस वर्षं दूध वाटून भंगारात गेली होती, तक्रार एकही नाही. आणि पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, ४१७०७, भेट, तंत्रशाळा. खाली सही मायक्रॉनकाकांची.

आत्याने ती ओळ तीनदा वाचली. हा नंबर इंजिनावर नव्हताच, पट्टीवर होता. मग साहेबांनी भेट दिलं काय? तिचा चेहरा उतरला. साहेबांना विचारायचं म्हणजे साहेबांना सांगायचं, आणि सगळ्या जगात तिला तोंड दाखवायची भीती होती ती याच एका माणसाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मायक्रॉनकाका पंच्याहत्तरीचे, पाठ अजून ताठ. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून ते चहा गाळत होते आणि तिन्ही कपांतला चहा एका रेषेत आहे की नाही ते वाकून बघत होते. आत्या बसलीच नाही. शाळेत धडा म्हणायला उभं करावं तशी उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली. पाटी, फोन, गोळ्या, पट्टी, खोटा ठसा, काहीही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्या नावावर लिहायची होती, साहेब. मी कुठेच लिहिली नाही."

मायक्रॉनकाकांनी चहात साखर घातली, ढवळली.

"मला माहीत होतं, बाई."

त्याच दुपारी चाचणीच्या वेळी त्यांनी दुसऱ्या इंजिनाचा नंबर वाचला होता. थोड्याच वेळापूर्वी हाच नंबर आपण कार्डावर लिहिला, हे त्यांच्या लक्षात आलं. तंत्रशाळेवाले दोन वर्षं मुलांना शिकायला एखादं इंजिन मागत होते. काकांनी वरिष्ठांकडे जाऊन त्याच दिवशी मंजुरी आणली, कार्डावर ४१७०७ लिहिलं आणि संध्याकाळी ते इंजिन शाळेत पोचतं केलं. रस्त्यावर येणारच नव्हतं, म्हणजे कोणाचं वाईट व्हायचा प्रश्न नव्हता.

"मग मला सांगितलं का नाहीत?" आत्याचा आवाज चढला. "तेहतीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांत डोकी घातली."

"सांगितलं असतं तर तुमचा हात बुजला असता. मला वाटलं तुम्हाला कळलंच नाही. म्हटलं, आनंदात आहे बाई, राहू दे."

"आणि मी म्हणत होते, साहेबांना कळलं तर त्यांना तोंड कसं दाखवू."

अठरा वर्षं ही दोन माणसं एकमेकांपासून दहा पावलांवर उभी राहून काम करत होती. दोघांकडे एकच गुपित, दोघांनी खोटं लिहिलेलं, आणि दोघांची अळीमिळी गुपचिळी. मी कपाळाला हात लावला. आत्या आधी रागाने लाल झाली, मग तिचे खांदे हलू लागले आणि मग ती हसायला लागली ती ओट्याला धरून. मायक्रॉनकाकांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते आवाज न करता हसतात आणि त्यांच्या कपातला चहा मात्र सांडतो.

तंत्रशाळेत आम्ही तिघंही गेलो. आत्या म्हणाली, आता डोळ्यांनी बघते आणि जमलं तर दुरुस्तही करते. पिशवीत तिने पंचांची पेटी आणि हातोडी घेतली होती. कारखान्याची रीत अशी की चुकलेला नंबर घासून मिटवायचा नाही. त्यावर आडव्या चांदण्या मारायच्या आणि खाली बरोबर नंबर घालायचा, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसतात.

कार्यशाळेच्या मधोमध ते इंजिन लाकडी चौकटीवर बसलेलं होतं. तेहतीस वर्षांत शेकडो मुलामुलींनी ते सुटं केलं होतं आणि परत जोडलं होतं. नटांच्या कडा झिजून गोल झालेल्या, रंगाचे पाच-सहा थर एकमेकांतून डोकावत होते. नंबराची जागा मात्र कोणी रंगवली नव्हती, रोज पुसल्यासारखी लख्ख होती. आत्याने खाली वाकून अंगठ्याने एकेक आकडा चाचपला. ४१७०६. मला म्हणाली, बघ, एकाही आकड्याला सावली नाही.

तिथल्या शिक्षिका, हात कोपरापर्यंत काळे, आमच्याकडे आल्या. आम्ही कारखान्यातून आलोय एवढंच ऐकून त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या की बरं झालं, आजच नवी तुकडी आलीय, पहिला धडा बघून जा. वीसेक मुलंमुली इंजिनाभोवती गोळा झाली. शिक्षिकांनी कारखान्याचा भेटीचा जुना कागद त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की या इंजिनात एक चूक आहे, शोधा. मुलांनी पट्टे पाहिले, नळ्या पाहिल्या, एकाने पंखा उलटा आहे असं ठामपणे सांगितलं. पाऊण तास गेला. शेवटी एका मुलीने कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर ताडून पाहिला.

"दरवर्षी हाच पहिला धडा," शिक्षिका म्हणाल्या. "मी इथे शिकले तेव्हा मलाही हाच होता. कागदावर विसंबायचं नाही, आपल्या डोळ्यांनी लोखंड वाचायचं." मग त्यांनी मुलांना जवळ बोलावून नंबर नीट बघायला लावला. "आणि हे आकडे बघा. यंत्राने मारल्यासारखे सरळ. एवढा चांगला हात असणारा माणूस का चुकला असेल?"

मुलांनी अंदाज केले. झोप लागली असेल. साहेब ओरडला असेल. मघाच्या त्या मुलीने जरा विचार करून सांगितलं, "त्याचं लक्ष दुसरीकडे असेल. काहीतरी छान घडलं असेल."

आत्याच्या गळ्यातून चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं रडते आहे, तर रडत होती आणि हसतही होती. तिने मला दंडाला धरून पुढे ओढलं आणि त्या सगळ्यांना सांगितलं, "हे घडलं होतं. ही."

वीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी मुद्रितं तपासणारी बाई, चुका काढणं माझा धंदा, आणि मीच एका चुकीचं कारण म्हणून उभी होते. इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

आत्याने पिशवीतून पंचांची पेटी काढली तेव्हा शिक्षिका आडव्या आल्या. म्हणाल्या, तुम्ही नंबर दुरुस्त केलात तर मी पुढच्या वर्षी शिकवू काय. मायक्रॉनकाकांनी त्यांना दुजोरा दिला. आत्याने पेटी परत पिशवीत ठेवली.

समारंभाला दोन दिवस असताना तिने मॅनेजरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, खोट्या ठशासकट. मॅनेजर डोकं धरून बसले. कोणाचं नुकसान झालं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर जुन्या रजिस्टरात त्या दोन ठशांशेजारी खरी नोंद करून आत्याची सही घेतली, आणि मग म्हणाले की पुस्तकातलं बदलता येईल, पण कापड रंगवून झालंय, ते काही आता बदलता यायचं नाही. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. समारंभाच्या सकाळी मी शिडी लावून वर चढले आणि लाल रंगाच्या कुंचल्याने "एकही चूक नाही" यावर मुद्रितावर करतो तशी आडवी रेघ मारली, वर लिहिलं, "एक चूक". सात फूट लांबीचं मुद्रित मी आयुष्यात पहिल्यांदा तपासलं. साडेसाती आतोबांची, रंग त्यांच्या डोक्यावर ठिबकला, ते खाली शिडी धरून उभे होते. रुमालाने डोकं पुसून त्यांनी शिडी परत धरली.

सभागृहात आत्याने त्या कापडाखाली उभं राहून सगळं सांगितलं. कोणाला हसावं की गंभीर व्हावं ते कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मायक्रॉनकाका उठले आणि मॅनेजरांना म्हणाले, "ती माझ्या नावावर लिहा. मी तसं सांगून ठेवलं होतं." मग मात्र छप्पर उडेल असा हशा झाला. शेडमधल्या साठ बायका उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवतच राहिल्या. आत्या मागच्या मागे सरकत होती आणि मॅनेजर तिला पुढे ढकलत होते.

यानंतर चार दिवसांनी माझा वाढदिवस आला. आत्याच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. सकाळी मी वाट पाहिली, ती खाली आली नाही. वर गेले तर आतोबांनी दाराकडे बोट दाखवलं, ती कामावर गेली होती. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. मी जराशी खट्टू होऊन छापखान्यात जायला निघाले, तर कारखान्याच्या फाटकावरून मलाच फोन आला की बाईंनी बोलावलंय.

शेडमध्ये यंत्र बंद ठेवलं होतं. मॅनेजरांनी एका इंजिनाचा नंबर तिच्या हाताने मारायची परवानगी दिली होती, आणि दिवस तिने निवडला होता. जुनी पाटी कुठूनतरी शोधून परत टांगली होती. बाकीच्या बायका काम थांबवून कडेला उभ्या होत्या. मी दाराशीच थांबले, म्हटलं तिचं लक्ष विचलित नको.

"तिथे नको," आत्या म्हणाली. "इथे समोर उभी राहा. मला दिसशील अशी."

मी तिच्या समोर, इंजिनाच्या पलीकडे, हातभर अंतरावर उभी राहिले. तिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, हसली. पहिला पंच उभा धरला. एक घाव. दुसरा. मधेच कोणीतरी मागून म्हणालं, वाढदिवस आहे म्हणे, आणि सगळ्या बायका एकदम माझ्या दिशेने काहीबाही बोलू लागल्या. आत्याचा हात थांबला नाही. शेवटची चांदणी मारली आणि हातोडी उजव्या हातात तशीच धरून तिने डाव्या हाताने पाटी पुसली, पुढचा नंबर लिहिला. मग हातोडी ठेवली आणि इंजिनाला वळसा घालून मला मिठी मारली.

पेन्सिल घासून घेतलेला ठसा तिने माझ्या हातात दिला. मी तो आधीच्या इंजिनाच्या नंबराशी ताडून पाहिला, सवयीने पुन्हा एकदा पाहिला. बरोबर होता.